गाळलेल्या जागा

पूर्वा म्हेत्रे 'सोबती'वर कशी घडाघडा बोलते, हे इचलकरंजीतल्या त्या गल्लीत माहीत नाही असा माणूस उरला नव्हता, कारण तिच्या आईनं एकालाही सोडलं नव्हतं. दूधवाल्याला सांगून झालं, सुताचे कोन घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगून झालं, दारात उभं राहून ताप मोजणाऱ्या आशाताईंना तर दोनदा. तोंडाला मास्क, मध्ये सहा फुटांचं अंतर, तरी रेवती म्हेत्रेचा अभिमान समोरच्यापर्यंत व्यवस्थित पोचायचा. वीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेल्या बाईला हळू बोलणं जमतच नाही.

आणि अभिमानाला कारणही होतं. पूर्वा बारा वर्षांची, सातवीत. गणितात पक्की, चित्रकलेत पटाईत, पण बोलायला लागली की अडखळायची. 'प' आला किंवा 'श' आला की आवाज घशातच अडायचा, मान ताठ व्हायची आणि ऐकणाऱ्याची चुळबुळ सुरू व्हायची. आता जिचं नावच 'प'नं सुरू होतं तिला कुणी नाव विचारलं की पंचाईतच. म्हणून ते उत्तर रेवती देऊन टाकायची. दवाखान्यात, लग्नात, एसटीत, कुणी पोरीकडं बघून नुसतं तोंड उघडलं की आईचं उत्तर तयार.

नावाचंच कशाला, पोरीचं प्रत्येक वाक्य रेवती पुरं करायची. त्यात तिला कष्ट नव्हते. मागाच्या शेडमध्ये कानांचा उपयोग नसतो. तिथं माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलतात. चार माग सुरू असताना पलीकडच्या टोकाची बाई दुपारी कसली भाजी केली ते सांगते आणि अलीकडची तिला मीठ कमी घालायला सांगते, एक शब्द ऐकू न येता. रेवती हे पाचव्या वर्षी वडिलांच्या शेडमध्ये शिकली. त्यामुळे पूर्वाचे ओठ नुसते हलायला लागले की पुढचा शब्द तिला दिसायचा, आणि दिसलेला शब्द तोंडात धरून ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. पोरीचा त्रास वाचवला, एवढंच तिला वाटायचं.

मग सुका ताप आला. घसा कोरडा पडायचा, तिसऱ्या दिवशी छाती भरायची आणि ज्यांची फुप्फुसं आधीच अधू होती त्यांना तो सोडत नसे. बंद खोलीतल्या हवेतून तो पसरायचा, त्यामुळे पहिला घाला शाळांवर पडला. दोन महिन्यांत घरोघरी सोबती आला, भिंतीला टेकवून ठेवायचा हातभर रुंद पडदा आणि सोबत कानाला लावायचं यंत्र.

सोबतीची करामत अशी होती. राज्यातली लाखो मुलं एकाच वेळी वर्गात बसायची. एवढ्या मुलांची चित्रं सगळीकडं पोचवायची म्हटली तर जाळं कोलमडलं असतं. म्हणून सोबती चित्र पाठवतच नसे. मुलाच्या चेहऱ्यावरच्या दोनशे ठिकाणांची हालचाल आणि आवाजाचा नुसता सांगाडा, एवढंच तो पाठवायचा आणि पलीकडच्या पडद्यावर त्यावरून चेहरा नि आवाज नव्यानं घडवला जायचा. मध्येच रेंज गेली की वाक्याला भोक पडायचं. तेही सोबती बुजवायचा, अंदाजानं. अंदाज बरोबर यावा म्हणून पहिल्या दिवशी त्यानं प्रत्येक घरातलं अर्धा तास बोलणं ऐकून ठेवलं होतं. हे मूल कशी सुरुवात करतं, कुठल्या शब्दापुढं कुठला शब्द येतो, सगळं. हे सारं पत्रकात बारीक अक्षरात छापलेलं होतं आणि रेवतीनं त्याखाली सही ठोकली होती, तुम्हीआम्ही ठोकतो तशी, न वाचता.

म्हेत्र्यांच्या घराची पुढची खोली आणि मागची शेड यांच्यामध्ये एक काचेची खिडकी होती. जेवताना मागाकडं लक्ष राहावं म्हणून पूर्वाच्या बापानं, संदेशनं ती बसवून घेतली होती. आता उलटं झालं. माग चालवता चालवता रेवती पोरीच्या शाळेवर नजर ठेवायला लागली. जो मुलगा बोलेल त्याचा चेहरा सगळ्यांच्या पडद्यावर मोठा दिसायचा. एक दिवस पूर्वाचा चेहरा मोठा झाला. रेवतीनं पडद्यावरचे ओठ वाचले आणि तिचा हात मागावरच राहिला. पोरगी बोलत होती. एकदाही न अडखळता, कापसाच्या काळ्या जमिनीबद्दल चांगली सहा वाक्यं बोलली.

त्या दिवशी तिनं शिरा केला. संदेशला सांगताना तिला रडू आलं. गर्दी नाही, कुणी टक लावून बघत नाही, म्हणून पोरीची भीती गेली असणार असं तिनं ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीला सांगायला सुरुवात केली. पूर्वाला विचारलं तर ती मान खाली घालून चित्र काढत बसायची. घरात अजून अडखळायचीच, म्हणून रेवती घरात तिची वाक्यं पुरी करतच राहिली. होईल हळूहळू, असं ती म्हणायची.

दुसरं सत्र जवळ आलं तशी शाळेची चिठ्ठी आली. शाळा उघडणार होती. वर्गात वीसच मुलं, खिडक्यांची दारं काढून टाकलेली आणि भिंतीवर हवा तपासणारी पेटी. ती पेटी खोलीतली हवा आत ओढायची आणि त्यात तापाचे विषाणू सापडले की दहा मिनिटांत लाल दिवा लावायची, मग वर्ग रिकामा. धोका पुष्कळ कमी होता, पण शून्य नव्हता. ज्याला नको त्याला सोबती होताच. मात्र एकदा निवडलं की वर्षभर बदल नाही. फॉर्मवर पालकांची सही हवी आणि त्याशिवाय मुलाचं मत वर्गात नोंदवलं जाणार होतं. दोन्ही 'शाळा' असेल तरच शाळा, नाहीतर घर.

रेवतीला विचार करावाच लागला नाही. संदेशच्या छातीत बावीस वर्षांची तूस बसली होती. कापसाची ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली की निघत नाही. डॉक्टरांनी त्याला शेडमध्ये पाऊल टाकायची बंदी केली होती आणि तो बाहेरच्या पडवीत बसून कापडाच्या घड्या घालायचा. सुक्या तापानं त्याला गाठलं तर काय होईल हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्यात पोरगी घरात बसून इतकं छान बोलायला लागलेली. रेवतीनं फॉर्मवर 'सोबती'पुढं खूण केली. संदेश म्हणत होता की एकदा पोरीला विचार. रेवतीनं सांगितलं, मला ठाऊक हाय तिच्या मनातलं.

मत नोंदवायच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला लाईट गेली.

चारही माग एकदम थांबले. सोबती बॅटरीवर सुरूच होता. रेवती हात पुसत खिडकीशी आली तर पडद्यावर पूर्वाचा चेहरा मोठा होता. ती कौतुकानं ओठ वाचायला लागली. पडद्यावरचे ओठ म्हणत होते: "शाळा नको, घरीच बरं बाई. बाबांची छाती कशी हाय तुम्हांला ठाऊक हाय. एवढं एक वर्ष काढायचं, मग बघू."

आणि उघड्या दारातून कानावर येत होतं, "श... श... श..."

एवढंच. पडद्यावरची पूर्वा वाक्यामागून वाक्य बोलत होती आणि पडद्यासमोरची पूर्वा, मान ताठ करून, मुठी वळून, एका अक्षराशी झुंजत होती. पलीकडं वर्गानं टाळ्या वाजवल्या. वर्गशिक्षिका कोगनोळे बाई हसत काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या ओठांवर रेवतीनं 'समंजस' हा शब्द वाचला. पूर्वानं कानातलं यंत्र काढलं आणि पालथं ठेवलं.

ते वाक्य रेवती ओळखत होती. 'एवढं एक वर्ष काढायचं, मग बघू.' हे बारा वर्षांच्या मुलीचं बोलणं नव्हतंच. ते तिचं स्वतःचं होतं. मागाच्या कर्जाचा हप्ता थकला की ती हेच म्हणायची, नणंदेच्या लग्नाचं लांबलं तेव्हाही हेच म्हणाली होती. पहिल्या दिवशी त्या अर्ध्या तासात सोबतीनं ऐकलं होतं ते हेच. पूर्वाचं पहिलं अक्षर आणि पुढचं सगळं आईचं.

ती जाऊन पोरीजवळ जमिनीवर बसली. तिनं विचारलं, हे कधीपासनं चाललंय. पूर्वानं बोटांनी दाखवलं, पहिल्या दिवसापासून. मग बोलायला लागली आणि रेवतीची नजर सवयीनं तिच्या ओठांवर गेली. शब्द दिसला. तोंड उघडलं. आणि तिथंच ती थांबली, कारण पोरगी तिच्याकडं बघत होती.

"तू पण तसंच क... करतीस, आई."

रागानं म्हणाली नाही. खरं तेवढं सांगितलं. रेवतीला वाटलं, मागाच्या पट्ट्यात पदर अडकला असता तरी एवढी धडकी भरली नसती.

मग तिनं एक गोष्ट केली. ती वळली आणि पोरीकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसली. ओठ दिसलेच नाहीत तर शब्द हिसकावून घेता येणार नाही. म्हणाली, आता सांग, मी बसलीया. तिचे कान काही फार चांगले नव्हते, त्यामुळे तिला लक्ष देऊन ऐकावं लागलं. मागं श्वास अडत होता, सुटत होता, पुन्हा अडत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी कधी, चतुर्थी कधी, ते सगळं तिचं वाचून झालं. मधल्या काळात दहा वेळा तिच्या जिभेवर शब्द आला आणि तिनं गिळला.

पूर्वाचं सांगणं असं होतं. आधी ती सोबतीशी भांडायची, त्याच्या आधी वाक्य संपवायला बघायची. नाही जमलं. मग तिनं नाद सोडला आणि नुसतं पहिलं अक्षर म्हणायला लागली, पुढचं तो बोलायचा. सगळे खूश असायचे. पण पडद्यावरची ती जे बोलायची ते तिनं कधी म्हटलेलंच नसायचं. काळ्या जमिनीबद्दल तिला विचारायचं होतं की ती काळी का असते, आणि त्यानं विचारण्याऐवजी उत्तर देऊन टाकलं. आज तिला शाळा म्हणायचं होतं. शाळेत कोगनोळे बाई थांबतात. खडू हातात धरून उभ्या राहतात, घड्याळाकडं बघत नाहीत. शेवटचं वाक्य तिनं सगळ्यात हळू सांगितलं: "तिथं मी बोलते ते म... मीच असते."

रेवती भिंतीकडं बघूनच रडली. अख्ख्या गल्लीला जिचं कौतुक सांगितलं ती आपली पोरगी नव्हतीच, आपणच होतो, हे कळल्यावर माणसानं कुठं तोंड लपवावं. पण त्या रडण्यात आणखीही एक गोष्ट होती. एवढं लांब, एवढं स्वतःच्या डोक्यानं केलेलं बोलणं तिनं पूर्वाकडून आजवर ऐकलेलं नव्हतं. आणि ते चांगलं होतं. तिला सुचलं असतं त्याहून चांगलं होतं.

संदेशला सांगितलं तेव्हा तो घडी घालायचा थांबला. मग म्हणाला, माझं काय, मी काय लोणचं आहे का बरणीत झाकून ठेवायला. रेवती त्याच्यावर चिडली, मग घाबरली, मग पुन्हा चिडली. एक पोरगी आणि एक नवरा, दोघांतलं कुणाला पुढं करायचं, असा हा हिशेब तिला मांडवेना. संदेशनं एवढंच सांगितलं, "माझ्यासाठी ती गप्प बसली तर ती छाती ठेवून मी काय करू?"

रेवतीनं अजून न दिलेल्या फॉर्मवरची खूण खोडून ती 'शाळा'पुढं केली आणि कोगनोळे बाईंना फोन लावला. बाईंना आधी पटेना. सोबती रेंज गेल्यावरच जागा भरतो असं त्यांना शिकवलेलं होतं. पण त्या हट्टी बाई होत्या. त्यांनी शाळेकडून मूळ नोंद मागवली, घडवलेला आवाज नाही, घराघरांतून आलेला कच्चा सांगाडा, आणि दोन दिवस बसून पहिल्यापासून ऐकला. चूक साधी होती. यंत्राच्या लेखी रेंज जाणं आणि मूल थांबणं यात फरकच नव्हता. दोन्हीकडं नुसती शांतता. जे मूल अडखळतं, जे विचार करायला वेळ घेतं, जे लाजतं, त्या सगळ्यांच्या शांततेत त्यानं घरातल्या मोठ्या माणसांची वाक्यं भरून टाकली होती. बेचाळीसपैकी नऊ मुलांची मतं त्यांची नव्हतीच. बाई फोनवर म्हणाल्या की पूर्वाच्या उत्तरांना त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले होते, आता ते कुणाला दिले हे त्यांचं त्यांनाच कळेना.

नऊ मुलांना शाळेच्या मैदानात बोलावलं गेलं. उघड्यावर, मास्क लावून, समोरासमोर. कडुनिंबाखाली टेबल, टेबलामागं कोगनोळे बाई आणि शिक्षण खात्याचे एक अधिकारी, त्यांच्यापुढं नोंदीचे कागद. मुलानं एकट्यानं पुढं जायचं, नाव सांगायचं, मत सांगायचं. पालक मागं, चुन्यानं आखलेल्या गोलांत उभे.

पूर्वा तिसरी होती. ती चालत गेली आणि टेबलापुढं उभी राहिली. रेवतीला तिची पाठ दिसत होती आणि मास्कची पांढरी दोरी. ओठ दिसत नव्हते, आवाज पोचत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला पोरीचा एकही शब्द आधी कळणार नव्हता.

अधिकाऱ्यांनी नाव विचारलं असणार, कारण पूर्वाची मान ताठ झाली. वेळ गेला. अधिकाऱ्यांनी कागदावरच्या नावाकडं बघितलं, पेन टेकवलं आणि मान हलवून काहीतरी म्हणायला गेले, तेवढ्यात कोगनोळे बाईंनी त्यांच्या पुढ्यात हात आडवा केला. नुसता हात, टेबलावर. त्यांनी पेन उचललं. रेवतीनं स्वतःच्या पदराचं टोक इतकं पिळलं की बोटं पांढरी पडली. तिला पळत जाऊन 'पूर्वा संदेश म्हेत्रे' असं ओरडून मोकळं व्हायचं होतं. ती चुन्याच्या रेघेच्या आत उभी राहिली.

मग अधिकाऱ्यांनी लिहिलं. म्हणजे नाव झालं होतं. तिनं सांगितलं होतं.

पुढचं सोपं जाईल असं रेवतीला वाटलं. 'शाळा' म्हणायचं आणि यायचं. पण पूर्वा बोलतच राहिली. थांबायची, खांदे वर जायचे, पुन्हा बोलायची. अधिकाऱ्यांनी एक ओळ लिहून कागद बाजूला सरकवला, तेव्हा तिनं तो बोटानं परत त्यांच्यासमोर ओढला. अधिकारी काहीतरी समजावत होते, रकाना एवढाच आहे असं बोटानं दाखवत होते. पोरगी हलेना. शेवटी कोगनोळे बाईंनी आपल्या वहीतला एक कोरा कागद फाडून त्यांच्यापुढं ठेवला आणि अधिकारी मुकाट्यानं लिहायला लागले, एक एक शब्द, तिच्या वेगानं.

काय लिहून घेतलं ते रेवतीला त्या दिवशी संध्याकाळी कळलं. शाळेत यायचं आहे. बाबांसाठी वर्षभर ती वरच्या खोलीत झोपेल, ताट वेगळं घेईल आणि वर्गाच्या पेटीचा लाल दिवा एकदा जरी लागला तर चार दिवस आत्याकडं राहील, आत्याला तिनं स्वतः विचारलं आहे. आणि जी मुलं सोबतीवरच राहणार आहेत त्यांच्या यंत्राला थांबायला शिकवा, ती शांत असली तरी गेलेली नसतात. आईनं यातलं काहीही सांगितलं नव्हतं. आईला यातलं काहीही सुचलं नव्हतं. आत्याचं तर तिनं घरात कुणाच्या कानावरही घातलं नव्हतं.

पण मैदानात उभ्या असलेल्या रेवतीला तेव्हा एवढंच दिसत होतं की टेबलामागची दोन शिकलेली माणसं तिच्या पोरीपुढं वाकून बसली आहेत, एक लिहितोय, एक ऐकतेय आणि घाई कुणालाच नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. मागच्या गोलांतली माणसं पाय बदलायला लागली होती. रेवतीचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. छाती भरून आल्यावर माणूस कसा उभा राहतो ते बघायचं असतं तर तिला बघावं.

मागच्या गोलातली एक बाई वैतागली. केव्हाची बोलतीया, म्हणाली, संपतंय की न्हाई. मग जरा नवलानं तिनं विचारलं, "कुणाची हो ती पोरगी? नाव काय तिचं?"

रेवतीचे ओठ 'प'साठी मिटले. मिटलेलेच राहिले. तिनं मान ताठ केली, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवलं आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा तिच्या त्या मागावरच्या आवाजात म्हणाली,

"येऊ द्या तिला. तिलाच विचारा. सांगंल ती."